पिंपांचा इतिहास : व्हिस्कीची चव कोणी ठरवली?

१/
मराठीतला 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पीपा'वरून आला. पगार, बटाटा, चावी आणि पाव या शब्दांच्या सोबतीने तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. पोर्तुगालमध्ये 'पीपा' म्हणजे प्रामुख्याने मद्य भरण्याचे मोठे लाकडी भांडे. पोर्ट नावाची गोड वाइन ज्यात मुरते, त्या सुमारे ५५० लिटरच्या पिंपाला इंग्रजीत आजही 'पोर्ट पाइप' म्हणतात. आपल्या अंगणातले पाण्याचे पिंप आणि स्कॉटलंडच्या गोदामात व्हिस्की मुरवणारा 'पाइप' यांचे कूळ एकच आहे.

२/
आजचा धागा या लाकडी पिंपांविषयी आहे. व्हिस्कीच्या बाटलीवर 'शेरी कास्क', 'बर्बन कास्क', 'पोर्ट कास्क' असे शब्द असतात. जाणकार ती चाखतात, शंभरपैकी गुण देतात आणि 'शेकडो वर्षांच्या परंपरेची चव' असे तिचे वर्णन करतात. मित्रहो, प्रश्न असा की ही परंपरा नेमकी किती जुनी आहे आणि ती कोणी घडवली? (धागा इतिहासाचा आहे, मद्याच्या भलामणीचा नव्हे, हे आरंभीच नमूद करतो.)

३/
सुरुवात कागदपत्रांपासून करू. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या दप्तरात १४९४ च्या सुमाराची एक नोंद आहे. जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'अक्वा व्हिटे' म्हणजे जीवनजल तयार करण्यासाठी आठ 'बोल' माल्ट दिल्याची ती नोंद. बोल हे धान्याचे जुने माप. याच 'जीवनजल' शब्दाचे गेलिक रूप 'उश्क बेआहा' आणि त्याचाच अपभ्रंश 'व्हिस्की'. त्या नोंदीत धान्य आहे, माणूस आहे, राजाज्ञा आहे. पिंपाचा मात्र उल्लेख नाही.

४/
यात आश्चर्य नाही. पुढील काही शतके व्हिस्की बहुधा भट्टीतून उतरली की थोड्याच दिवसांत प्यायली जाई. ती पाण्यासारखी रंगहीन आणि घशाला जाळणारी असे. म्हणून तीत मध, वनस्पती वा मसाले घालत. आज ज्या सोनेरी रंगावर जाहिराती उभ्या आहेत, तो रंग भट्टीतून येत नाही; तो लाकडातून येतो. त्या काळी लाकडी पिंप हे केवळ भांडे होते. तेल, मीठ घातलेले मासे, लोणी, वाइन हे सारे त्यातूनच वाहून नेले जाई.

५/
तरीही लाकडात राहिलेली व्हिस्की मऊ होते, हे जाणणारी घरे होती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्याला ग्लेनलिव्हेटचीच व्हिस्की हवी होती. रॉथिमर्कसच्या एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींनुसार, त्यांच्या वडिलांच्या तळघरातील लाकडात दीर्घकाळ राहिलेली व्हिस्की राजासाठी पाठवण्यात आली. गंमत अशी की ती व्हिस्की चोरट्या भट्टीची होती. राजाचेच अबकारी अधिकारी ती पकडण्यासाठी डोंगर पालथे घालत होते!

६/
पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, ब्रिटिश संसदेने नवा अबकारी कायदा केला. कर कमी झाला आणि ठरावीक परवाना शुल्क भरून उघडपणे भट्टी चालवणे परवडू लागले. हळूहळू सरकारी कुलुपातील वखारींची पद्धत रुजली. माल वखारीत असेपर्यंत कर नाही. बाहेर काढताना भरायचा. मुरवण्याला यामुळे प्रथमच आर्थिक आधार मिळाला. ज्या मालावर आधीच कर भरला आहे, तो दहा वर्षे नुसता ठेवून देणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडले नसते.

७/
माल ठेवायचा, पण कशात? येथे शेरीचा प्रवेश होतो. स्पेनच्या हेरेस परिसरातील ही वाइन इंग्लंडला फार पूर्वीपासून प्रिय. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिझ बंदरावर छापा घातला, तेव्हा तिची जवळपास तीन हजार पिंपे लुटून आणल्याचे सांगितले जाते. पुढे तीच शेरी शांततेच्या व्यापारातून ब्रिस्टल, लंडन आणि एडिंबरोलगतच्या लीथ बंदरात पिंपांतून उतरू लागली. तेथे ती बाटल्यांत भरली जाई आणि पिंपे रिकामी होत.

८/
रिकामे पिंप स्पेनला परत पाठवणे खर्चाचे, आणि नवे ओक लाकूड महाग. भट्टीवाल्यांना ही रिकामी पिंपे स्वस्तात मिळू लागली. 'शेरी कास्क'चा उगम हा असा. कोणा चवजाणकाराने दूरदृष्टीने ही निवड केली नव्हती. बंदरावर पडून असलेल्या भांड्याचा तो काटकसरी पुनर्वापर होता. मुरल्यानंतर व्हिस्कीत मनुका, सुके अंजीर आणि लवंगेची छटा उतरली आणि ती लोकांना आवडली. अपघात आधी घडला, आवड मागाहून आली.

९/
लाकडात नेमके घडते काय, हे थोडे पाहू. ओकच्या लाकडातील लिग्निन हा घटक उष्णतेने फुटला की व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते. हेमिसेल्युलोजपासून जळक्या साखरेची गोडी येते. लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे खोबऱ्याची छटा उमटते. टॅनिनमुळे जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसा तुरटपणा येतो. पिंप आतून जाळले असेल, तर त्या कोळशाचा थर कच्च्या मद्यातील गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. याखेरीज लाकडाच्या रंध्रांतून हवा आत जाते आणि मद्य मंदपणे बदलत राहते.

१०/
ओकही एकच नव्हे. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन अधिक, म्हणून खोबरे आणि व्हॅनिला. युरोपीय ओकमध्ये टॅनिन अधिक, म्हणून सुकामेवा, मसाला आणि तुरटपणा. एकाच भट्टीचे, एकाच दिवशीचे मद्य या दोन पिंपांत भरून बारा वर्षे शेजारी शेजारी ठेवले, तर एक फिकट सोनेरी व मधाळ निघेल आणि दुसरे तांबूस व दाट. दोन्ही एकाच कुळातली आहेत, हे नवख्याला सांगूनही पटणार नाही. पहिल्यांदा भरलेले पिंप भरभरून देते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस कमी, आणि शेवटी ते पुन्हा निव्वळ भांडे उरते.

११/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने घाला घातला. ब्रँडी दुर्मीळ झाली आणि इंग्रज उच्चभ्रूंच्या पेल्यात स्कॉच व्हिस्की आली. मागणी वाढली, तशी पिंपांची टंचाईही. ग्लासगोच्या डब्ल्यू. पी. लॉरी यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी नव्या पिंपांना मुद्दाम वाइन पाजून तयार करण्याचे प्रयोग केले. एकेकाळचा योगायोग आता ठरवून घडवावा लागत होता.

१२/
पण व्हिस्की लाकडात मुरलीच पाहिजे, असा नियम होता का? नव्हता. १९०५ मध्ये लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील नगरपरिषदेने काही विक्रेत्यांवर खटले भरले आणि 'व्हिस्की म्हणजे काय?' हा प्रश्न न्यायालयात गेला. त्यातून राजकीय आयोग नेमला गेला. १९०९ च्या अहवालात आयोगाने मुरवण्याचा किमान काळ कायद्याने सक्तीचा करण्यास नकार दिला. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत 'मुरणे' हा व्हिस्कीच्या व्याख्येचा भाग नव्हता!

१३/
मग तो झाला केव्हा? पहिल्या महायुद्धात. मंत्री लॉईड जॉर्ज हे मद्यपानाचे कडवे विरोधक. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांचे मद्यपान त्यांना शत्रूइतकेच घातक वाटत होते. संपूर्ण बंदीची चर्चा सुरू झाली. अखेर तडजोड निघाली : १९१५ चा अपक्व मद्य निर्बंध कायदा. व्हिस्की आधी किमान दोन आणि लवकरच तीन वर्षे वखारीत ठेवणे बंधनकारक झाले. तडजोड घडवण्यात जॉनी वॉकर कंपनीचे जेम्स स्टीव्हन्सन यांचा मोठा वाटा होता.

१४/
मित्रहो, येथे क्षणभर थांबा. स्कॉच व्हिस्कीचा आजचा सर्वांत पवित्र मानला जाणारा नियम, 'किमान तीन वर्षे', चव सुधारण्यासाठी जन्मला नाही. तज्ज्ञांच्या आयोगाने तो सहा वर्षांपूर्वीच नाकारला होता. स्वस्त, ताज्या, कडक मद्याचा पुरवठा युद्धकाळात आटावा, हा त्याचा हेतू. युद्ध संपले, हेतू विस्मरणात गेला, नियम राहिला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यालाच पूर्वजांचे शहाणपण म्हटले.

१५/
आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यानंतर मद्याच्या व्याख्या नव्याने लिहिल्या गेल्या आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात नियम झाला : बर्बन ही आतून जाळलेल्या नव्या ओक भांड्यातच साठवली पाहिजे. महामंदीच्या दिवसांत लाकूड-व्यवसायाला आणि पिंपे बांधणाऱ्या कारागिरांना हा नियम सोयीचा होता, हे उघड आहे. 'नवे' या एका शब्दामुळे अमेरिकेतले प्रत्येक पिंप बर्बनसाठी एकदा वापरले की बाद ठरू लागले.

१६/
बाद ठरलेली ही सुमारे २०० लिटरची पिंपे स्कॉटलंडने स्वस्तात उचलली. कधी अखंड, कधी फळ्या सुट्या करून. आणि त्या फळ्यांतून सुमारे २५० लिटरची 'हॉग्सहेड' पिंपे पुन्हा बांधून. आज स्कॉटलंडच्या वखारींतील बहुसंख्य पिंपे मूळची बर्बनची आहेत. तेव्हा 'अस्सल स्कॉच'ची म्हणून ओळखली जाणारी व्हॅनिला-मधाची चव मोठ्या प्रमाणात वॉशिंग्टनमध्ये लिहिलेल्या एका व्याख्येची देणगी आहे.

१७/
शेरीच्या बाबतीत उलटे घडले. १९८० च्या दशकात शेरी उगमस्थानीच बाटलीबंद करण्याचा नियम स्पेनने लागू केला. पिंपांतून होणारी वाहतूक थांबली आणि शतकभर चाललेला तो रिकामा झरा आटला. तोवर काही ठिकाणी 'पाक्सारेत' नावाचा दाट गोड द्राव दाबाने लाकडात मुरवून थकलेली पिंपे 'शेरी'ची केली जात. त्याच सुमारास स्कॉच उद्योगात त्यालाही मनाई झाली.

१८/
आज काय होते? हेरेसमध्ये नवी पिंपे बांधतात, त्यांत साधारण वर्ष-दोन वर्षे शेरी ठेवतात, मग ती रिकामी करून स्कॉटलंडला धाडतात. या शेरीचे मुख्य काम पिंप तयार करणे हेच असते. ती सहसा पेल्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्वी शेरीसाठी पिंप असे. आता पिंपासाठी शेरी आहे. त्यामुळे बर्बनच्या पिंपापेक्षा शेरीचे पिंप कित्येक पटींनी महाग पडते. बंदरावरच्या काटकसरीतून आलेली चव आता चैनीची वस्तू ठरली आहे.

१९/
पिंपांचा खेळ जाणीवपूर्वक खेळण्याचे श्रेय बाल्व्हेनी भट्टीचे डेव्हिड स्टुअर्ट यांना प्रामुख्याने दिले जाते. बर्बन पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटचे काही महिने शेरी पिंपात हलवण्याचा प्रयोग त्यांनी १९८० च्या दशकात केला. त्यातून १९९३ मध्ये 'डबलवुड' आली. यालाच 'फिनिश' म्हणतात. पुढे पोर्ट, मदिरा, रम अशा अनेक पिंपांत व्हिस्कीची अखेरची वस्ती होऊ लागली.

२०/
मुभेला सीमा कोठे, हा वाद मग अटळ होता. २००५ मध्ये कंपास बॉक्स कंपनीने 'स्पाइस ट्री' नावाची व्हिस्की काढली. जुन्या पिंपाच्या आत फ्रेंच ओकच्या नव्या फळ्या बसवून ती मुरवली होती. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने आक्षेप घेतला : ही पद्धत पारंपरिक नाही. माल मागे घ्यावा लागला. २००९ मध्ये कंपनीने तीच लाकडे आत न ठेवता पिंपाच्या दोन्ही टोकांच्या झाकणांत वापरली आणि व्हिस्की पुन्हा बाजारात आली. फळी आत असेल तर परंपराभंग, झाकणात असेल तर परंपरा! त्यानंतर २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन पूर्वी टकीला किंवा कॅल्व्हाडॉस भरलेली पिंपेही मान्य झाली.

२१/
जपानची गोष्ट याहून बोलकी आहे. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेले आणि तेथील विद्या शिकून परतले. शिंजिरो तोरी यांनी १९२३ मध्ये यामाझाकी येथे भट्टीची स्थापना केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी पिंपे मिळेनाशी झाली, तेव्हा नाइलाजाने 'मिझुनारा' हा स्थानिक ओक वापरावा लागला. हे लाकूड वळवायला अवघड आणि गळके. पण दीर्घकाळ मुरल्यावर त्यातून चंदन आणि उदबत्तीसारखा सुगंध आला. आज जगभरचे आस्वादक याच गळक्या लाकडासाठी सर्वाधिक दाम मोजायला तयार असतात.

२२/
आता गुणांकनाकडे वळू. अल्फ्रेड बर्नार्ड यांनी १८८० च्या दशकात ब्रिटन आणि आयर्लंडमधील दीडशेहून अधिक भट्ट्या पाहून १८८७ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्यात इमारती आहेत, हौदांची मापे आहेत, वार्षिक उत्पादनाचे आकडे आहेत. कोणत्या पिंपातली व्हिस्की कशी लागते, याविषयी मात्र फारच थोडे आहे. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणारी व्हिस्की बहुतांशी अनेक भट्ट्यांचे मिश्रण असे. एकेका पिंपाची चव ही मिश्रणकाराची कामकाजाची बाब होती.

२३/
हा मिश्रणकार पेल्यातून वास घेई, तो पेलाही शेरीचाच : 'कोपिता' नावाचा, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. मद्यात पाणी घालून ते सुमारे २० टक्क्यांवर आणायचे, म्हणजे जळजळ मागे हटते आणि दडलेले वास वर येतात. शेकडो नमुने असे नाकानेच पारखले जात. जिभेचे काम थोडे. १९७९ मध्ये पेंटलंड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या वासांचे 'स्वादचक्र' मांडले. सर्वांनी एकाच वासाला एकच नाव द्यावे, हा त्यामागचा उद्देश.

२४/
गुण मागाहून आले. यॉर्कशायरचे लेखक मायकेल जॅक्सन (गायक नव्हेत!) यांनी १९८९ मध्ये 'माल्ट व्हिस्की कम्पॅनियन' हे पुस्तक काढले आणि प्रत्येक माल्टला शंभरपैकी गुण दिले. २००३ पासून जिम मरे यांचे 'व्हिस्की बायबल' निघू लागले. त्यात वास, चव, अखेरचा रेंगाळ आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण. शाळेच्या गुणपत्रिकेसारखी ही पद्धत ग्राहकाला सोपी वाटली आणि अल्पावधीत बाजारभाव हलवू लागली.

२५/
या आकड्यांची ताकद किती? 'व्हिस्की बायबल'च्या २०१५ च्या आवृत्तीत 'यामाझाकी शेरी कास्क २०१३'ला जगातील सर्वोत्तम व्हिस्की ठरवले गेले. बाटल्या पाहता पाहता संपल्या आणि किमती गगनाला भिडल्या. भट्टी जपानची, विद्या स्कॉटलंडची, पिंप स्पेनच्या परंपरेचे, निवाडा एका इंग्रज लेखकाचा. यातली 'मूळ परंपरा' कोणाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२६/
रंगाचा प्रभाव हाही गुणांकनातला जुना सापळा. गडद दिसले की 'जुनी, शेरीची' असे मन आधीच ठरवून टाकते. पण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालण्यास कायद्याने परवानगी आहे. म्हणून गंभीर परीक्षा लेबल झाकून घेतली जाते. जानेवारी २०१० मध्ये 'द टाइम्स'ने लीथ येथे अशी एक परीक्षा ठेवली. पहिली आली तैवानची कावालान! ज्या बंदरात एकेकाळी शेरीची पिंपे उतरत होती, त्याच बंदरात स्कॉटलंडच्या व्हिस्कीवर उष्ण प्रदेशातील तरुण माल्टने मात केली.

२७/
उष्ण प्रदेशाचा मुद्दा आपल्या अगदी जवळचा आहे. पिंपातून दरवर्षी काही मद्य उडून जाते. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा सुमारे २ टक्के, बेंगळुरूमध्ये १० टक्क्यांच्याही वर. गणित करून पाहा. दरसाल २ टक्के घट धरली, तर बारा वर्षांनी शंभरातले सुमारे ७८ लिटर उरतात. ११ टक्के धरली, तर पाच वर्षांतच ५६ आणि बारा वर्षांनी जेमतेम २५. पण उष्णतेने लाकडाशी होणारी देवघेवही वेगाने होते. आपल्याकडचे पाच वर्षांचे मद्य म्हणूनच कच्चे नसते.

२८/
बेंगळुरूची 'अमृत' कंपनी १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी स्थापन केली. आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारले जातील! भारतात 'व्हिस्की' म्हणून विकले जाणारे बरेचसे मद्य उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटवर आधारलेले असते आणि युरोपीय नियमांनुसार ते व्हिस्की ठरत नाही. अशा वेळी २००४ मध्ये 'अमृत'ने आपली जवाची सिंगल माल्ट थेट ग्लासगोमध्ये सादर केली. २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये 'अमृत फ्यूजन'ला ९७ गुण आणि जगात तिसरे स्थान मिळाले. २०१२ मध्ये गोव्यात तयार होणारी 'पॉल जॉन' सिंगल माल्ट ब्रिटनच्या बाजारात उतरली.

२९/
'अमृत'ने पुढे निरनिराळ्या ओकच्या फळ्या जोडून एकच पिंप बांधले आणि त्यातली व्हिस्की 'स्पेक्ट्रम' नावाने काढली. २०१३ मध्ये आठ वर्षे मुरवलेल्या माल्टला 'ग्रीडी एंजल्स' म्हणजे 'अधाशी देवदूत' असे नाव दिले. आठ हा आकडा स्कॉटलंडमध्ये कोवळ्या वयाचा. बेंगळुरूच्या हवेत तो धाडसाचा. बाटलीवरील वयाचा आकडा सर्वत्र एकाच अर्थाने वाचण्याची सवय थंड हवेच्या देशात घडली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

३०/
आता सारे सूत्र एकत्र बांधू. शेरीचे पिंप आले व्यापारातून. तीन वर्षांची अट आली युद्धातून. बर्बनचे पिंप आले महामंदीच्या काळातील व्याख्येतून. मिझुनारा आला टंचाईतून. प्रत्येक वेळी क्रम जवळपास तोच : आधी अडचण किंवा अपघात, मग मिश्रणकाराच्या नाकाने केलेली निवड, मग कायद्याचा शिक्का, आणि शेवटी 'परंपरा' हे नाव. चव खोटी नाही. लिग्निन आणि टॅनिन खरेच आपले काम करतात. मात्र ही चव अनादी नाही, तिला तारखा आहेत.

३१/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सवय लावून घेता येईल. 'पूर्वापार चालत आले आहे' असे कोणी म्हणाले, की तीन प्रश्न विचारावेत. हे भांडे मुळात रिकामे का झाले? हा नियम कोणत्या वर्षी, कोणाच्या सोयीसाठी लिहिला गेला? आणि तो लिहिण्याआधी लोक काय करीत होते? प्रश्न व्हिस्कीपुरते मर्यादित नाहीत. सणाचे पक्वान्न, पैठणीचा काठ, गडावरचा उत्सव, कशालाही ते लावून पाहा. उत्तरांमुळे आपले प्रेम कमी होत नाही, ते डोळस होते.

३२/
शंभरपैकी गुण देणे हा एका माणसाचा, एका दिवसाचा निवाडा असतो. पिंप मात्र साक्षीदार आहे : त्याच्या फळ्यांत बंदरे, कर, किडी, युद्धे आणि कारागिरांचे हात मुरलेले असतात. निवाडा देण्याआधी साक्ष ऐकून घ्यावी, एवढेच.

तुमच्या गावच्या वा घरच्या एखाद्या 'पूर्वापार' चालीला नेमकी तारीख सापडली असेल, तर खाली जरूर लिहा; पुढील एखादा धागा त्यावरच करू. बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.